लाकडी कैची हिशोबाच्या निम्म्या वजनातच मोडते, तेव्हा काय तपासावं

कोकणातल्या एका तंत्रनिकेतनात सिव्हिलच्या मुलांचं लाकूडकाम आणि त्यानंतरची लोड टेस्ट गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मुलं कैची करतात, म्हणजे छपराचा भार पेलते तशी त्रिकोणी लाकडी चौकट, आणि मग तिला वजन लटकवून मोडून बघतात. काम ठरलेलं असतं: पाइनच्या २० बाय १० मिलिमीटरच्या पट्ट्या, १.२ मीटरचा गाळा (दोन टेकण्यांमधलं अंतर), ३०० मिलिमीटर उंची, मधे किंग पोस्ट, म्हणजे शेंड्यापासून खाली येणारी उभी पट्टी, सांध्यांना प्लायचे तुकडे, फेव्हिकॉल आणि बारीक चुका. (चुका म्हणजे खिळे. दुसऱ्याही असतातच.) मुलं वहीत हिशोब मांडून शंभर किलो म्हणतात आणि कैची चाळीसलाच झोपते. मग दरवर्षी तेच वाक्य ऐकू येतं, "सर, लाकूडच खराब होतं."

लाकूड क्वचितच खराब असतं. मोडतो तो सांधा, नाहीतर कैची न मोडता आडवी होते. म्हणून पहिला नियम: मोडलेली कैची कचऱ्यात टाकायची नाही. सगळे तुकडे, अगदी उडालेल्या ढलप्यासुद्धा, टेबलावर जागच्या जागी मांडायच्या. खाली जे लिहिलंय ते त्या तुकड्यांवरूनच कळतं.

लक्षणं

पट्टी कुठेही तुटलेली नाही, पण कैची एका बाजूला धनुष्यासारखी वाकून पडली. आवाज जवळजवळ नाही. हे सगळ्यात जास्त वेळा होतं.

"टक्" असा एकच कोरडा आवाज आला आणि प्लायचा तुकडा सांध्यावरून आख्खा निघाला.

खालची आडवी पट्टी, म्हणजे टाय, खिळ्यांच्या रांगेतून लांबीला चिरली.

पट्टी सांध्यावर न मोडता दोन सांध्यांच्या मधेच मोडली.

वजन वाढवलं नाही तरी डायल गेजचा, म्हणजे कैची किती झुकली ते दाखवणाऱ्या घड्याळाचा, काटा हळूहळू पुढेच सरकतोय.

आणि एक डोकेदुखी: तीन गटांच्या अगदी सारख्या दिसणाऱ्या कैच्या अनुक्रमे ३५, ६० आणि ९० किलोला गेल्या.

आधी फुकटची कामं.

टेबल, दोरा आणि ओळंबा

पुढची कैची टेस्टला लावण्याआधी सपाट टेबलावर ठेवा. चारही बाजूंनी बोटाने दाबा. कुठे टकटक वाजली, तर ती पिळलेली आहे. मग उभी करून वरच्या टोकातून ओळंबा सोडा. ओळंब्याचा दोरा टायच्या मध्यावर यायला हवा. तो ५-६ मिलिमीटर बाजूला गेला, तर वजन पहिल्या किलोपासूनच कैचीला आडवं ढकलत असतं. पट्टीची जाडी अवघी १० मिलिमीटर आहे, म्हणजे भार निम्म्या जाडीइतका किंवा त्याहून जास्त बाहेर गेला. मुलांना ५ मिलिमीटर म्हणजे काहीच वाटत नाही. सहा मीटर गाळ्याच्या खऱ्या कैचीत ते काही नसेलही, इथे आहे.

वजन नेमकं कुठे लटकतंय

यातही खर्च नाही, फक्त बघायचं आहे. एकदा एका गटाने बादलीची दोरी टायच्या मध्यावर न बांधता शेजारच्या मोकळ्या भागात बांधली, कारण मधल्या प्लायच्या तुकड्यामुळे हुक अडकत नव्हता. तीस किलोला पट्टी मोडली. हिशोब करून बघा. ३०० न्यूटन मध्यावरच्या सांध्यात लटकवले, तर टायमध्ये ३०० न्यूटनचाच ताण येतो. २०० चौरस मिलिमीटरवर तो पडतो १.५ न्यूटन प्रति चौ. मिमी, म्हणजे पाइनला गुदगुल्या. तेच ३०० न्यूटन ६०० मिलिमीटरच्या मोकळ्या भागाच्या मधोमध लटकवले की तो भाग तुळईसारखा वाकतो, आणि कडेच्या धाग्यांवर येतात जवळजवळ ६७ न्यूटन प्रति चौ. मिमी. तिथे साधा पाइन मोडायच्या बेतात असतो. बादली तीच, पट्टी तीच, फरक चाळीसपटीहून जास्त.

दुसरी गंमत अशी की वजन वर शेंड्यावर ठेवलं तर किंग पोस्टमध्ये काहीच बळ येत नाही. खाली मध्यावर लटकवलं तर सगळंच्या सगळं किंग पोस्ट ओढून वर नेतो. म्हणून एका गटाने वरून टेस्ट केली आणि दुसऱ्याने खालून, तर त्या दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. सारख्या कैच्यांचे वेगळे आकडे आले की मी पहिल्यांदा हेच विचारतो.

टेकण्याही बघा. एक टोक पक्कं आणि दुसरं लोखंडी नळीच्या तुकड्यावर, म्हणजे सरकायला मोकळं. दोन्ही टोकं सी-क्लॅम्पने आवळली की टायचं निम्मं काम टेबल करतं आणि आकडा फुगतो. फुगलेला आकडाही बिघाडच आहे, फक्त त्याची तक्रार कोणी आणत नाही.

बादलीतली वाळू

आमच्याकडे अजूनही बादलीत वाळू ओतून वजन वाढवतात आणि त्यात काही वाईट नाही. पण "एक घमेलं म्हणजे इतके किलो" असा हिशोब चालत नाही. ओलसर वाळू फुगते. पाच-सहा टक्के ओल असली तर आकारमान वीस-पंचवीस टक्क्यांनी सहज वाढतं. काँक्रीटच्या तासाला हेच शिकवलेलं असतं आणि वर्कशॉपमध्ये येईपर्यंत मुलं विसरतात. बादली वाळूसकट काट्यावर ठेवा. रिकाम्या बादलीचं, हुकाचं आणि दोरीचंही वजन धरा. पाच-पाच किलोंनी वाढवा, प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबा, मग गेज वाचा. घाईत ओतलेली वाळू धक्का देते, आणि मग कैची वजनाने मोडली की धक्क्याने, ते सांगता येत नाही.

इथवर एक रुपयाही गेला नाही. निम्मे बिघाड इथेच सापडतात असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण माझ्याकडचे बरेच इथे सापडले आहेत.

न मोडता आडवी होणारी कैची

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण मुलांचा हिशोब इथेच फसलेला असतो.

वरची तिरकी पट्टी दाबाखाली असते. मुलं करतात काय, तर २०० चौरस मिलिमीटर गुणिले पाइनची दाबातली ताकद. साधारण ३० न्यूटन प्रति चौ. मिमी धरले तर ६००० न्यूटन, म्हणजे सहाशे किलो! शंभर तर सहजच पेलेल, म्हणून वही बंद. पण लांब बारीक पट्टी चिरडून जातच नाही, ती आधी वाकते. ऑयलरने अठराव्या शतकात मांडलेलं सूत्र घ्या: पाय (π) वर्ग गुणिले ई गुणिले आय, भागिले लांबीचा वर्ग. ई म्हणजे लाकडाचा ताठरपणा (न्यूटन प्रति चौ. मिमी), आणि आय म्हणजे पट्टीचा छेद वाकायला किती विरोध करतो ते (मिमीचा चौथा घात). लांबी ६७१ मिलिमीटर, पातळ बाजूचा आय १६६७, ई ९००० धरा. उत्तर येतं सुमारे ३३० न्यूटन. सहाशे किलो कुठे आणि तेहतीस किलो कुठे! शिवाय या उताराला तिरक्या पट्टीत वजनाच्या १.१२ पट दाब येतो. म्हणजे कैची ३० किलोच्या आसपास आडवी व्हायलाच हवी होती. प्लायचे तुकडे टोकं थोडी आवळून धरतात म्हणून ती चाळीसपर्यंत तग धरते. मुलांना वाटतं कैची लवकर गेली. हिशोबाने ती उशिरा गेली.

तपासणी सोपी आहे. टेस्ट चालू असताना समोरून बघू नका. एका टोकाशी जा, एक डोळा मिटा आणि सुतार रंधलेली फळी बघतो तसं कडेच्या रेषेत बघा. मोडण्याच्या दहा-पंधरा किलो आधीच वरची पट्टी बाजूला पोट काढताना दिसते. मागे एक मुलगी अशीच टोकाशी वाकून बघत होती आणि एकदम म्हणाली, "सर, ही लाजतेय." आता आमच्या वर्कशॉपमध्ये सगळे तसंच म्हणतात. कैची लाजायला लागली की वजन थांबवायचं.

उपाय स्वस्त आहे. एकटी कैची टेस्ट करूच नका. दोन कैच्या १५० मिलिमीटर अंतरावर उभ्या करा, तिरक्या पट्ट्यांच्या मध्यावर आणि शेंड्यावर आडव्या रिपा मारा, आणि दोन रिपांच्या मधे एक तिरकी पट्टी घाला. ती तिरकी पट्टी विसरू नका, नाहीतर दोन्ही कैच्या एकाच बाजूला हातात हात घालून पडतात. मध्यावर आधार मिळाला की मोकळी लांबी निम्मी होते आणि ताकद चौपट: पातळ बाजूने १३० किलोंच्या वर. छपरावरच्या रिपा आणि वासे हेच काम करतात, नुसती कौलं धरत नाहीत. घरं शाकारताना सगळ्या रिपा एकदम उतरवू नये असं जुने सुतार सांगतात, त्याचं कारण हेच.

दोन कैच्या करायला वेळ नसेल, तर निदान दोन्ही बाजूंना उभे खांब लावा आणि खांब व पट्टी यांच्यात साबण लावलेली फळी सरकवा. आधार मिळतो आणि खाली जायला अडथळा होत नाही.

सांधा

प्लायचा तुकडा निघून आला असेल, तर तो उलटा करून उजेडात धरा. त्यावर लाकडाचे उपटलेले धागे चिकटलेले दिसले तर चिकटवणी उत्तम होती, सांधा त्याच्या परीने लढला. गुळगुळीत, काचेसारखी चकाकणारी पापडी दिसली तर तो चिकटलाच नव्हता. माझ्या ड्रॉवरमध्ये असा एक तुकडा जपून ठेवलाय. कैची टेबलाला चिकटू नये म्हणून मुलांनी खाली वर्तमानपत्र घातलं, कैची उलटली, आणि चिकटलेला कागद न खरवडता त्यावरच दुसऱ्या बाजूचा प्लाय ठोकला. तुकड्यावर राशिभविष्याची अर्धी ओळ उलटी उमटलेली आहे. मेष राशीला धनलाभ होता.

पांढऱ्या गोंदाला तीन गोष्टी लागतात: साफ पृष्ठभाग, दाब आणि वेळ. पॉलिशपेपरची धूळ पुसा, दोन्ही बाजूंना पातळ थर द्या, क्लॅम्प लावा, आणि २४ तास हात लावू नका. सकाळी चिकटवून दुपारच्या प्रॅक्टिकलला टेस्ट करायची असेल तर आकडा आधीच अर्धा करून लिहा. पट्टीच्या आडव्या कापाला, म्हणजे जिथे धागे उघडे पडतात तिथे, गोंद लावून सांधा धरेल अशी आशा ठेवू नका. उघडे धागे गोंद पिऊन टाकतात. भार प्लायनेच न्यायचा असतो.

आणि प्लाय दोन्ही बाजूंना हवा. सामान वाचवायला एकाच बाजूला लावणारे गट दरवर्षी भेटतात. एका बाजूने ओढलेला सांधा पिळतो, आणि पिळलेली कैची मग वर सांगितल्याप्रमाणे लाजते.

चिरलेल्या टायचं कारण बहुधा खिळे असतात. लाकूड धाग्यांच्या दिशेने ओढायला भक्कम, पण धागे एकमेकांपासून फाकवायला फारच कच्चं. टोकदार खिळा पाचरीसारखा धागे फाकवतो. आमचे मेस्त्री खिळ्याचं टोक हातोडीने ठोकून बोथट करतात. बोथट टोक धागे फाकवत नाही, चिरडत आत जातं. त्याहून बरं म्हणजे खिळ्याच्या व्यासाच्या चार पंचमांशापेक्षा मोठं नाही असं भोक आधी पाडायचं. १.६ मिलिमीटरच्या चुकेला १.२ मिलिमीटरचं. टोकापासून वीस मिलिमीटर तरी आत, आणि एका सरळ रांगेत कधीच नाही. खिळ्यांच्या सांध्यांसाठी आयएस २३६६ हे भारतीय मानक आहे, लायब्ररीत असेल तर एकदा उघडून बघा.

किंग पोस्टचा खालचा सांधा सगळ्यात नाजूक, कारण तो निव्वळ ओढला जातो. लाकडाला ताण सोसतो, पण तो ताण एका तुकड्यातून दुसऱ्यात पोचवणं अवघड जातं. जुन्या गोदामांच्या कैच्यांत किंग पोस्टला खालून लोखंडी पट्टी गुंडाळलेली दिसते ती उगाच नाही. अमेरिकेत विल्यम हाउ यांनी १८४० मध्ये पुलाच्या कैचीचं पेटंट घेतलं, त्यात दाबाच्या तिरक्या पट्ट्या लाकडी ठेवल्या आणि ओढल्या जाणाऱ्या उभ्या कांबी लोखंडी केल्या. वर्गातही या एका सांध्याला तारेचा फास घालून टेस्ट करा आणि आकडा बघा.

लाकूड, शेवटी

आता लाकडावर संशय घ्यायला हरकत नाही.

पट्टी निवडताना गाठी बघा. गाठ टायमध्ये कडेला आली तर ती पट्टी बाद. वरच्या पट्टीत मध्याला बारीक गाठ चालून जाते. मग धागे पट्टीच्या लांबीला समांतर आहेत का ते बघा. दिसत नसतील तर फाउंटन पेनच्या शाईचा एक थेंब टाका, शाई धाग्याच्या दिशेने पळते. पाच मिलिमीटरला एक मिलिमीटर इतका तिरका धागा असेल तर वाकण्यातली ताकद जवळपास निम्मी होते. पॅकिंगच्या खोक्यांतून काढलेल्या पट्ट्यांत असे धागे फार.

जुलै-ऑगस्टच्या बॅचचे आकडे उन्हाळ्याच्या बॅचपेक्षा कमी येतात, त्याचं कारण ओल. मोडलेल्या जागेजवळचा तुकडा कापून लगेच वजन करा, ओव्हनमध्ये १०३ अंशांना वजन स्थिर होईपर्यंत सुकवा, पुन्हा वजन करा. ४६ ग्रॅमचा तुकडा ४० ग्रॅम झाला तर ओल १५ टक्के. भागायचं सुक्या वजनाने. सॉइल लॅबचा ओव्हन चालतो, पण तो माती सुकवायला ११०च्या जवळ लावलेला असतो, तो आधी खाली आणा. लाकडाच्या ताकदीचे पुस्तकातले आकडे बहुतेक १२ टक्के ओलीला धरून असतात. पावसाळ्यात आमच्या बाजूला उघड्यावर ठेवलेली पट्टी त्याच्या बरीच वर जाते, आणि दाबातली ताकद ओलीच्या प्रत्येक टक्क्यामागे चार-पाच टक्क्यांनी घटते. गोंदही ओलीत मऊ पडतो. पट्ट्या टेस्टच्या आधी आठ-दहा दिवस खोलीत, हवा खेळेल अशा रचून ठेवा.

एवढं सगळं करूनही कैची निम्म्यातच गेली, तर आराखडाच बदलायला हवा. पट्टीची जाडी १० ची २० केली तर पातळ बाजूचा आय आठपट होतो. दुसऱ्या काही युक्त्या करण्याआधी हे करा.

कुठे थांबायचं

वजन तेच असताना काटा सरकत राहिला, किंवा कुरकुर ऐकू आली, की वाळू ओतणं बंद. कैचीखाली हात घालून "बघतो" म्हणायचं नाही. बादलीखाली पन्नास मिलिमीटरवर लाकडी ठोकळे ठेवा, म्हणजे ती तेवढीच पडेल. डोळ्यांवर गॉगल, पायात बूट, चप्पल नाही. चिरलेली टाय गोंद भरून पुन्हा टेस्ट करू नका, नवी करा.

यूटीएमवर, म्हणजे नमुने ओढून-दाबून ताकद मोजणाऱ्या मशीनवर, टेस्ट करत असाल आणि ठरावीक तपासणीच्या तुकड्यावरही आकडे हलत असतील, तेल गळत असेल किंवा काटा शून्यावर परत येत नसेल, तर मशीन बंद करून कॅलिब्रेशनवाल्यांना बोलवा. त्यांचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत त्या मशीनवरचा एकही आकडा वहीत जाऊ देऊ नका. व्हॉल्व्ह आपण उघडायचा नाही, वर्कशॉपमध्ये कितीही हुशार मेस्त्री असला तरी.

ज्यावर माणूस उभा राहणार आहे, ते वर्गातल्या टेस्टवर सोडायचं नाही. गॅदरिंगच्या वेळी मुलं हटकून येतात: "सर, आमच्या फ्रेमने दीडशे किलो घेतले, त्यावरच स्टेज करू या का?" नाही. दोन मिनिटांच्या टेस्टमध्ये लाकूड जेवढं घेतं, तेवढं ते वर्षानुवर्षं घेत नाही. दहा वर्षांच्या सततच्या भाराला साधारण साठ टक्केच धरतात. त्यात स्टेजवर मुलं नाचणार. स्टेज, मचाण, पोटमाळा, पाहुण्यांची बाल्कनी, यांसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही हवी.

घरच्या छपराचंही तेच. गेल्या पावसाळ्याआधी एका विद्यार्थ्याचे वडील मोबाइलवर फोटो घेऊन आले. आढ्याखालची तुळई मधे दोन बोटं झुकलेली, टोकाला भिंतीत पिठासारखा भुगा पडलेला. म्हणाले, "मास्तर, तुम्ही कैच्यांचंच काम करता, एक पट्टी मारून द्या." मी पट्टी मारली नाही. तुळईखाली दोन टेकू लावायला सांगितले, टेकूखाली रुंद फळी. त्या खोलीत झोपू नका म्हणालो, आणि तालुक्याच्या गावातल्या इंजिनिअरचा नंबर दिला. किडीने आतून किती खाल्लंय ते फोटोत दिसत नाही, आणि तुळई वाळूची बादली लटकवून तपासायची वस्तू नाही.